टेनिसपटू रॉड लेव्हर : हौस आणि धंदा

श्रोतेहो, आज मी ज्या माणसाची हकीकत सांगणार आहे तो आपल्या देशातला नाही, आणि ज्या खेळात त्याने नाव मिळविले तो खेळही आपल्या खेड्यापाड्यांत फारसा खेळला जात नाही. तरीही ही हकीकत तुमच्यापुढे ठेवावीशी वाटते, याला दोन कारणे आहेत. एक तर हा माणूस आडगावच्या मातीतून वर आला. आणि ती माती कसली होती हे ऐकलेत तर तुम्हांला गंमत वाटेल. दुसरे कारण असे की, त्याच्या आयुष्यात जो प्रश्न आडवा उभा राहिला तो आपल्याकडेही घरोघरी विचारला जातो. मुलगा खेळात रमला की बाप म्हणतो, "अरे, खेळून कुठं पोट भरतं का?" आणि समजा, भरलेच, तर चारचौघे म्हणतात, "तो काय, पैशासाठी खेळतो!" म्हणजे पोट भरले नाही तर मूर्ख, आणि भरले तर लोभी. या पेचातून जगातला एक फार मोठा खेळाडू कसा गेला, ते आज आपण पाहू.

त्याचे नाव रॉडनी जॉर्ज लेव्हर. जग त्याला रॉड लेव्हर म्हणते. ९ ऑगस्ट १९३८ रोजी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात, रॉकहॅम्प्टन या गावी त्याचा जन्म झाला. शिक्षकांनी नकाशा उघडून पाहावा. मकरवृत्त ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याला जिथे भेटते, त्याच्या जवळच हे गाव आहे. उन्हाळा कडक, आसपास गुरांची मोठमोठी राने, आणि गावाचा सारा कारभार गुराढोरांवर चाललेला. लेव्हरचे वडील रॉय हे याच गुरांच्या व्यवसायातले. आई मेल्बा. दोघांनाही टेनिसचा नाद. आपल्याकडे एखाद्या घराला भजनाचा नाद असतो ना, घरातली सगळी माणसे टाळ घेऊन बसतात, तसे हे घर रॅकेटी घेऊन बसणारे.

आता मातीची गोष्ट. टेनिसला सपाट आणि कठीण जमीन लागते, कारण चेंडू एकदा टप्पा घेऊन सारखा उसळला पाहिजे. शहरात हिरवळीची मैदाने असतात. त्यांना पाणी पाहिजे, माळी पाहिजे. रॉकहॅम्प्टनच्या बाजूला एवढी चैन कोणाला परवडणार? तिथल्या लोकांनी वारुळे फोडली. होय, वाळवीची वारुळे! त्या रानात वाळवीची मोठाली वारुळे असतात. ती फोडून, त्यांची माती बारीक करून, पाणी मारून धुमसली, की उत्तम कठीण मैदान तयार होते. आपल्याकडे सुद्धा जुनी माणसे वारुळाच्या मातीची चिकटाई जाणून आहेत. लेव्हरच्या घराशेजारी असेच एक मैदान होते. जगातील सर्वांत उंच दर्जाच्या टेनिसचे पहिले धडे या मुलाने वारुळाच्या मातीवर गिरविले.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांना दोन शब्दांत सांगतो. मध्ये जाळी, दोन बाजूंना दोन खेळाडू. चेंडू रॅकेटने जाळीपलीकडे अशा जागी टाकायचा, की दुसऱ्याला तो परतवता येऊ नये. असे गुण जमले की एक गेम होतो. सहा गेम आधी जिंकले, तेही दोनच्या फरकाने, की एक सेट. आणि पुरुषांच्या मोठ्या सामन्यात पाचांपैकी तीन सेट जिंकावे लागतात. सामन्याला घड्याळाची मर्यादा नाही. दोन तास चालेल, चार तास चालेल. म्हणून या खेळात हातापेक्षा डोके थंड असावे लागते, आणि डोक्यापेक्षाही छाती मजबूत असावी लागते.

लेव्हरला दोन थोरले भाऊ होते, ट्रेव्हर आणि बॉब. गावात चार्ली हॉलिस नावाचे टेनिसचे शिक्षक होते. ते या दोघा भावांना शिकवायला येत. धाकटा रॉडनी तारेच्या जाळीबाहेर उभा राहून पाहत असे. असाच पाहता पाहता तो आत गेला, आणि हॉलिसनी त्याच्या हाती रॅकेट दिली. मुलगा किडकिडीत, तांबूस केसांचा, तोंडावर ठिपके, आणि डावखुरा. पाहणाऱ्याला वाटावे, हा काय खेळणार! पण हॉलिस यांनी वडिलांना सांगितले की, या तिघांत मोठा खेळाडू होईल तो हाच. थोरल्या मुलाचा हात अधिक सफाईचा आहे, पण त्याने बापाचा तापट स्वभाव उचलला आहे. या धाकट्याने आईचा शांतपणा घेतला आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, ही पारख जरा लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे बसलेला हुशार मुलगा सर्वांनाच दिसतो. त्याला ओळखायला गुरू कशाला हवा? खरा गुरू तो, जो कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या मुलाकडे पाहतो, आणि हाताच्या सफाईइतकेच त्याच्या स्वभावालाही गुण देतो.

पुढे हा मुलगा हॅरी हॉपमन यांच्या हाताखाली गेला. हॉपमन म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिस कप संघाचे कप्तान, मोठे करडे गृहस्थ. त्यांनी याला नाव ठेवले 'रॉकेट', म्हणजे अग्निबाण. वेग पाहून नव्हे बरं का! मुलगा पायाने इतका मंद होता, की थट्टेने ते नाव दिले. आपण नाही का काळ्यासावळ्या मुलाचे नाव चंद्र ठेवीत? पण लेव्हरने थट्टेचे नाव खरे करून दाखविले. पायांना मेहनत दिली. डावे मनगट मजबूत व्हावे म्हणून चेंडू मुठीत दाबीत राहण्याची सवय लावून घेतली. पुढे त्याचा डावा हात उजव्या हाताहून डोळ्यांना जाडजूड दिसू लागला. उंची जेमतेम पाच फूट आठ इंच. पण त्या मनगटाच्या जोरावर तो चेंडूला अशी फिरकी देई, की बाहेर जाणार वाटणारा चेंडू एकदम खाली बसून रेषेच्या आत पडे. शाळा त्याने लवकर सोडली आणि ब्रिस्बेन शहरी खेळाचे सामान करणाऱ्या डनलॉप कंपनीत नोकरी धरली. दिवसा काम आणि उरलेल्या वेळी खेळ.

मग नावलौकिकाची वर्षे सुरू झाली, पण पराभवापासून. इंग्लंडातील विंबल्डन ही टेनिसची पंढरी. तिथे १९५९ साली तो अंतिम सामन्यात हरला, १९६० साली पुन्हा अंतिम सामन्यात हरला. याच १९५९ साली आपल्या रामनाथन् कृष्णन् यांनी डेव्हिस कपाच्या सामन्यात, अमेरिकेतील बोस्टन येथे, लेव्हरला चार सेटमध्ये हरविले होते, ही गोष्ट भारतीय श्रोत्यांनी आवर्जून आठवावी. १९६१ साली विंबल्डनच्या उपान्त्य सामन्यात दोघांची पुन्हा गाठ पडली. त्या वेळी लेव्हरने सरळ तीन सेटमध्ये उट्टे काढले, आणि पुढे त्या वर्षीचे अजिंक्यपदही मिळविले.

१९६२ हे वर्ष त्याचे होते. टेनिसच्या जगात चार स्पर्धा सर्वांत मोठ्या मानतात : ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, विंबल्डन आणि अमेरिका. चारही एकाच वर्षात जिंकणे याला ग्रँड स्लॅम म्हणतात. चार देश, वेगवेगळी हवा, वेगवेगळी जमीन, आणि वर्षभर एकदाही चुकायचे नाही. पुरुषांत हा पराक्रम त्याआधी फक्त अमेरिकेच्या डॉन बज याने १९३८ साली, म्हणजे लेव्हर जन्मला त्याच वर्षी केला होता. स्त्रियांत मॉरीन कॉनोली हिने १९५३ साली केला होता. लेव्हरने १९६२ साली चारही स्पर्धा जिंकल्या. फ्रान्समध्ये तर अंतिम सामन्यात रॉय इमर्सनविरुद्ध पहिले दोन सेट गमावून तो सामना त्याने ओढून आणला.

श्रोतेहो, आता कोणालाही वाटेल की, एवढे मिळाल्यावर माणूस सुखात राहिला असेल. पण गोष्टीचा खरा पेच इथूनच सुरू होतो.

त्या काळी या चार स्पर्धांत विजेत्याला रोख बक्षीस नसे. या स्पर्धा फक्त 'हौशी' खेळाडूंसाठी असत. हौशी म्हणजे जो खेळासाठी पैसे घेत नाही तो. ज्याने उघडपणे पैसे घेतले तो 'धंदेवाईक'. त्याला या चारही स्पर्धांची दारे बंद, आणि देशाच्या वतीने डेव्हिस कप खेळण्याची सुद्धा बंदी. आपल्या रंगभूमीवरही हे दोन शब्द आहेत, हौशी मंडळी आणि धंदेवाईक कंपनी. पण आपल्याकडे धंदेवाईक नटाला कोणी थिएटरची पायरी चढायला मना केली नाही. टेनिसमध्ये केली होती.

हा नियम दिसायला फार सोज्वळ. खेळ निर्मळ असावा, त्याला पैशाचा विटाळ नको, हे ऐकायला कोणाला आवडणार नाही? पण जरा खोलात जाऊन पाहा. खेळात प्रवीण होण्यासाठी रोजचे तासच्या तास द्यावे लागतात. एवढा वेळ कोणाजवळ असतो? ज्याच्या घरी दुसरे कोणी राबत असते त्याच्याजवळ. इंग्लंडात हा नियम रूढ झाला तेव्हा खेळणारे बहुतेक जमीनदार आणि धनिकांची मुले होती. त्यांना बिनपैशाने खेळणे सोपे होते. गुराख्याच्या, कामगाराच्या मुलाने काय करावे? त्याने एक तर खेळ सोडावा, नाहीतर लबाडी करावी.

आणि लबाडी सर्रास चालत होती. स्पर्धा भरविणारे लोक नामांकित हौशी खेळाडूला 'प्रवासखर्च' म्हणून पाकीट देत. खर्च दहाचा आणि पाकीट शंभराचे. हिशेब कोणी विचारायचा नाही, पावती कोणी मागायची नाही. म्हणजे टेबलाखालून घेतले तर हौशी, टेबलावरून घेतले तर धंदेवाईक! खुद्द विंबल्डनच्या क्लबाचे अध्यक्ष हर्मन डेव्हिड यांनीही पुढे हे सारे ढोंग आहे असे उघडपणे बोलून दाखविले.

आपल्या जत्रेतल्या कुस्तीचा फड आठवा. नारळापासून सुरुवात होते आणि शेवटची कुस्ती मोठ्या इनामाची असते. इनाम सगळ्या गावादेखत जाहीर होते आणि सगळ्यांदेखत मल्लाच्या हाती पडते. त्यामुळे मल्लाची लाज जात नाही, उलट फेटा बांधला जातो. उघड्यावरच्या पैशाने कोणी बाटत नाही. माणूस बाटतो तो लपवालपवीने.

लेव्हरपुढे आता दोन वाटा होत्या. हौशी राहावे, तर विंबल्डनचा मान दरवर्षी वाट पाहत होता, पण जगणे पाकिटांवर. धंदेवाईक व्हावे, तर पैसा उघड मिळेल, पण मान आणि देशाचा संघ दोन्ही सुटेल. ल्यू हॉड आणि केन रोझवॉल हे त्याचेच देशबांधव आधीच धंदेवाईक झाले होते. त्यांच्या पुढाकाराने लेव्हरला तीन वर्षांसाठी एक लाख दहा हजार डॉलरची हमी मिळाली. १९६२ साल संपता संपता लेव्हरने करार केला. आपल्या कृष्णन् यांनाही धंदेवाईक मंडळींचे असेच बोलावणे आले होते. त्यांनी ते नाकारले आणि देशासाठी डेव्हिस कप खेळत राहणे पसंत केले. दोघांपैकी कोण बरोबर? मला वाटते, दोघेही. चूक होती ती निवड करायला लावणाऱ्या नियमाची.

१९६३ च्या जानेवारीत लेव्हर धंदेवाईक म्हणून उतरला, आणि काय झाले असेल? जगज्जेता म्हणून मिरवलेला हा खेळाडू हॉडविरुद्ध ओळीने आठ सामने हरला. रोझवॉलविरुद्ध तेरांपैकी अकरा हरला. एकूण एकवीस सामन्यांत एकोणीस पराभव! म्हणजे चारही मोठ्या स्पर्धा जिंकलेला मनुष्य खरोखरी जगात पहिला नव्हता; पहिल्या दर्जाचे खेळाडू दाराबाहेर ठेवून ती स्पर्धा चालली होती. लेव्हरला हे कळले, आणि त्याने ते मुकाट्याने कबूल केले. रडगाणे नाही, सबबी नाहीत. या दोघांपासून तो पुन्हा शिकू लागला. वर्षअखेर तो रोझवॉलच्या खालोखाल आला, आणि पुढच्या दोन वर्षांत धंदेवाईकांतही पहिला ठरला.

ते आयुष्य मोठे ओढाताणीचे होते. तमाशाचा फड जसा आज या गावी, उद्या त्या गावी, तशी ही चार-सहा माणसांची टोळी देशोदेशी फिरे. रात्री सामना, मग गाडीत बसून पुढचे गाव. कधी लाकडी तक्तपोशीवर खेळायचे, कधी बर्फावरच्या खेळाच्या सभागृहात बर्फावर फळ्या टाकून वर कॅनव्हासचे कापड ताणायचे आणि त्यावर खेळायचे. दिवे मंद, प्रेक्षक कधी भरपूर, कधी मोजके. १९६३ साली न्यूयॉर्कजवळ फॉरेस्ट हिल्स येथे धंदेवाईकांची मोठी स्पर्धा झाली. रोझवॉल जिंकला, लेव्हर दुसरा आला. पण स्पर्धेत खोट आली, आणि या दोघांना ठरलेले बक्षीस मिळालेच नाही. पैशासाठी खेळतात म्हणून ज्यांना नावे ठेवली, ते प्रसंगी असे फुकटही खेळले.

या बंदीची किंमत किती? १९६३ च्या आरंभापासून १९६८ च्या आरंभापर्यंत चार मोठ्या स्पर्धांचे एकवीस प्रसंग आले आणि गेले. लेव्हर त्या काळात चोवीस ते एकोणतीस वर्षांचा होता, म्हणजे खेळाडूच्या अंगातली ऐन उमेदीची वर्षे. आणखी एक गोष्ट पाहा. १९६६ च्या डिसेंबरात भारताचा संघ प्रथमच डेव्हिस कपाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. सामना मेलबर्नला, ऑस्ट्रेलियाशी. कृष्णन् आणि जयदीप मुखर्जी यांनी दुहेरीत न्यूकोम्ब आणि रोश या जोडीला हरविले. पण भारत तो सामना ४-१ असा हरला. त्या ऑस्ट्रेलियन संघात लेव्हर नव्हता. आपल्याच देशात सामना, आणि देशाचा सर्वोत्तम खेळाडू संघाबाहेर! कारण एवढेच की, त्याने आपली मजुरी उजळ माथ्याने घेतली होती.

पण ढोंग फार दिवस टिकत नाही. १९६७ च्या ऑगस्टमध्ये विंबल्डनच्या मुख्य मैदानावर धंदेवाईकांची एक स्पर्धा भरविण्यात आली. लोकांनी गर्दी केली, आणि लेव्हर जिंकला. त्याच वर्षअखेर ब्रिटिश टेनिस संघटनेने हौशी व धंदेवाईक हा भेद काढून टाकण्याचा ठराव केला. १९६८ च्या मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने खुल्या स्पर्धांना मान्यता दिली, आणि एप्रिलमध्ये इंग्लंडातील बोर्नमथ येथे पहिली खुली स्पर्धा झाली. त्या वर्षी विंबल्डनचे दार उघडले. लेव्हर सहा वर्षांनी त्या स्पर्धेत परतला, आणि जणू काल रात्री कुलूप लावून गेलेला घरधनी सकाळी आत आला, अशा थाटात जिंकला. बक्षीस उघडपणे जाहीर झाले, दोन हजार पौंड. स्त्रियांच्या विजेत्या बिली जीन किंग यांना मात्र साडेसातशेच मिळाले. एक अन्याय मिटला तेव्हा दुसरा उघडा पडला. विंबल्डनमध्ये स्त्री-पुरुषांना सारखे बक्षीस मिळायला २००७ साल उजाडावे लागले.

आणि मग आले १९६९ साल. लेव्हरने पुन्हा चारही स्पर्धा जिंकायचा विडा उचलला. या वेळी कोणी दाराबाहेर नव्हते. हौशी, धंदेवाईक, सगळे आत.

ऑस्ट्रेलियाची स्पर्धा त्या वर्षी ब्रिस्बेनला होती. उपान्त्य सामन्यात समोर टोनी रोश. पारा फॅरनहाइटच्या शंभर अंशांवर गेलेला. त्या काळी बरोबरी तोडण्याचा टाय-ब्रेकचा नियम नव्हता. दोन गेमचा फरक पडेपर्यंत सेट चालायचाच. दुसरा सेट चालला तो २२-२० पर्यंत! खेळाडूंनी उन्हापासून जपण्यासाठी टोपीत कोबीची ओली पाने ठेवली होती. रानात काम करणारे लोक डोक्यावर पळसाची पाने घालतात, तशातलाच हा उपाय. एकूण नव्वद गेम झाले, आणि पाचव्या सेटात लेव्हर जिंकला. फ्रान्समध्ये दुसऱ्याच फेरीत तो दोन सेटनी मागे पडला, आणि तिथून परतला.

विंबल्डनमध्ये दुसऱ्या फेरीत त्याच्यासमोर उभे होते आपले कलकत्त्याचे प्रेमजित लाल. लाल यांनी पहिला सेट ६-३ जिंकला, दुसरा ६-४ जिंकला. आणखी एक सेट, की जगज्जेता घरी जाणार! पण तिथून लेव्हरने सामना फिरविला. तिसरा सेट त्याने ६-३ घेतला आणि उरलेले दोन्ही ६-०, ६-० असे. आपल्याला यात हळहळ वाटते, वाटणारच. पण थोडा विचार केला तर हेही दिसते की, त्या वर्षीच्या ग्रँड स्लॅमला ज्या थोड्या लोकांनी खरा धक्का दिला, त्यांत एक भारतीय होता.

शेवटची स्पर्धा अमेरिकेची, फॉरेस्ट हिल्सला. पावसाने मैदानाचा चिखल झालेला. हिरवळ वाळावी म्हणून वरून हेलिकॉप्टर फिरविले. ८ सप्टेंबर १९६९ रोजी अंतिम सामना झाला. समोर पुन्हा रोश. पहिला सेट लेव्हर ७-९ असा हरला. पाय घसरत होते, तेव्हा त्याने खिळ्यांचे बूट घातले, आणि पुढचे तीन सेट ६-१, ६-२, ६-२ असे जिंकले. एका खेळाडूने दोनदा ग्रँड स्लॅम! पुढे स्त्रियांत मार्गारेट कोर्ट यांनी १९७० साली आणि स्टेफी ग्राफ यांनी १९८८ साली हा पराक्रम केला. पण पुरुषांच्या एकेरीत १९६९ नंतर २०२५ सालापर्यंत तो कोणालाही साधलेला नाही.

चढती कमान इथे संपली. त्यानंतर या चारांपैकी एकही स्पर्धा त्याने एकेरीत जिंकली नाही. वय वाढत होते. पण १९७१ साली बक्षिसांची एकूण कमाई दहा लाख डॉलरवर नेणारा तो पहिला टेनिसपटू ठरला. १९७३ साली डेव्हिस कपाचे दार धंदेवाईकांना उघडल्यावर पस्तिसाव्या वर्षी तो पुन्हा देशासाठी उतरला. अकरा वर्षांनी! अमेरिकेत क्लीव्हलंड येथे ऑस्ट्रेलियाने अमेरिकेला ५-० असे हरविले. त्यांत लेव्हरने दोन एकेरी आणि न्यूकोम्बबरोबर दुहेरी जिंकली. पैसे घेणाऱ्याच्या मनात देश नसतो असे ज्यांना वाटत होते, त्यांना हे उत्तर पुरेसे होते.

निवृत्तीनंतर तो अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात राहिला. १९९८ च्या जुलैत, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, लॉस एंजल्स येथे मुलाखत देत असतानाच त्याला मेंदूतील रक्तस्रावाचा झटका आला. ज्या माणसाने चार-चार तास उन्हात धाव घेतली त्याला आता चालणे, बोलणे पहिल्यापासून शिकावे लागले. पत्नी मेरी हिने धीराने साथ दिली. रोज थोडे थोडे, पुन्हा तेच, पुन्हा तेच. हळूहळू तो उभा राहिला, आणि हातात पुन्हा रॅकेटही धरू लागला. २००० साली मेलबर्नमधील मुख्य टेनिस मैदानाला त्याचे नाव देण्यात आले. एके काळी देशाच्या स्पर्धेत ज्याला मज्जाव होता, त्याच्याच नावाच्या मैदानावर त्या देशाची स्पर्धा भरू लागली.

श्रोतेहो, आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. खेळाचा धंदा करणे वाईट काय? मी स्वतः शिकविण्याचा पगार घेतो. वैद्य औषधाचे पैसे घेतो, सुतार नांगराचे घेतो, कीर्तनकाराला बिदागी मिळते. म्हणून आम्हां कोणाचे आपल्या कामावर प्रेम नाही असे कोणी म्हणेल काय? मोबदला घेतल्याने कामाचे सत्त्व जात नाही. काम हलके केले आणि मोबदला भारी घेतला, तर जाते. लेव्हरला प्रेमजित लाल यांच्याविरुद्ध पुढचे तीन सेट पैशाने मिळवून दिले नाहीत, आणि एकोणीस पराभव पचविण्याचे बळही पैशाचे नव्हते.

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९६८ साली विंबल्डनच्या विजेत्याला दोन हजार पौंड मिळाले; २०२५ साली ती रक्कम तीस लाख पौंड होती. रुपयाची, पौंडाची किंमत उतरली हे खरे, तरी हा फरक फार मोठा आहे. एवढा पैसा आला की, काही आईबाप मुलाच्या हातात रॅकेट देताना आकडाच पाहू लागतात. लेव्हरच्या आईवडिलांनी वारुळाची माती धुमसली ती आकडा पाहून नव्हे. त्यांना खेळ आवडत होता, आणि मुलांना घेऊन संध्याकाळी खेळावेसे वाटत होते. आधी हौस आली, मग मेहनत, मग गुरू, आणि सर्वांच्या शेवटी पैसा. हा क्रम उलटा केला की हौसही जाते आणि पैसाही येत नाही.

तेव्हा आपल्या मुलाने खेळात मन घातले तर त्याला एकदम "पोट भरेल का" असे विचारू नका. सगळ्यांचे भरणार नाही, हे खरेच आहे. शंभरांतल्या नव्व्याण्णवांना दुसरा उद्योग पाहावाच लागेल, आणि त्यासाठी अभ्यास सुटता कामा नये. पण त्या मुलाला खेळायला सपाट जागा आहे का, हे आधी पाहा. जागा नसेल तर शाळेच्या आवारात ती करता येते. गावची माती आहे, गावचे हात आहेत, लागलेच तर वारुळेही आहेत. आणि गुरुजी, मुले खेळत असताना कुंपणाबाहेर कोण उभे आहे, तिकडेही एकदा नजर टाका.